कोंड्यावरील औषधी शांपू

कोंडा आणि टाळूचा सेबोऱ्हिक डर्मटायटिस यांवर वापरले जाणारे, औषधी घटक असलेले शांपू. हे दोन विकार एकाच दुखण्याची सौम्य व तीव्र रूपे मानली जातात. कोंड्यात नुसते खवले सुटतात. डर्मटायटिसमध्ये त्वचा लाल होते, पिवळसर तेलकट पोपडे धरतात आणि भुवया, नाकाच्या कडा, कानामागची जागाही सुटत नाही.

यामागची मालासेझिया ही बुरशी बहुतेक सर्वांच्याच डोक्यावर असते. तिला स्वतःची स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती टाळूच्या तेलावर जगते. तेल फोडताना उरणारे ओलेइक आम्ल ज्यांना सोसत नाही, त्यांना खाज सुटते व खवले पडतात. ‘डोकं कोरडं पडलंय, तेल घाल’ हा घरोघरचा सल्ला त्यामुळे इथे उलटा पडतो. तेलाने खवले चिकटून बसतात आणि दिसत नाहीत, एवढेच. मुंबईच्या दमट हवेत घामाने आधीच चिकट झालेल्या टाळूवर रात्रभर तेल मुरवणे म्हणजे बुरशीला जेवण वाढणे.

मेडिकलमध्ये शांपू नावाने मागितला जातो. पाहावा बाटलीवरचा घटक. केटोकोनॅझोल २ टक्के (निझरल वगैरे) थेट बुरशीवर काम करते. सेलेनियम सल्फाइड २.५ टक्के (सेलसन) बुरशी आवरतेच, शिवाय त्वचेच्या पेशी झपाट्याने सुटण्याचा वेगही कमी करते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या २४६ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गुणकारी ठरले, पण केटोकोनॅझोल अधिक सोसवले. सेलेनियमला वास असतो, रंगवलेल्या केसांचा रंग त्याने बदलू शकतो आणि डोके धुताना दागिने काढून ठेवावे लागतात. मंगळसूत्र व कानातले कधीही न काढणाऱ्या बायकांना हे जाचक वाटते. झिंक पायरिथिऑन सौम्य कोंड्याला पुरते. युरोपीय संघाने मार्च २०२२पासून ते सौंदर्यप्रसाधनांत बंद केले. भारतात ते मिळते. सॅलिसिलिक आम्ल जाड पोपडे सोडवते, बुरशी मारत नाही. कोलटारचा (दगडी कोळशापासूनचे डांबर) वास आणि डाग दोन्ही त्रासदायक, पण सोरायसिसची (जाड खवले धरणारा त्वचाविकार) शंका असेल तर डॉक्टर त्याकडे वळतात.

घटक कोणताही असो, बहुतेकांचे चुकते ते वेळेत. केटोकोनॅझोलचा फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटे राहायला हवा. सकाळची लोकल गाठायची, पाणी ठरावीक वेळच येणार, मागे न्हाणीघरासाठी घरचे ताटकळलेले. अशा आंघोळीत तो अर्ध्या मिनिटात धुतला जातो आणि दोष शांपूला लागतो. डोक्यावर आधी फेस करून मग अंग घासले की ही मिनिटे आपोआप निघतात. साधारणपणे आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरून पुढे आठवड्या-पंधरवड्याने एकदा चालू ठेवतात. विकार मुळासकट जात नाही, थांबवले की परततो.

लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांसोबत केस तुटून चट्टे दिसले, तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार असतो. त्याला पोटातून औषध लागते. नुसत्या शांपूने तो बरा होत नाही.