साकवाच्या यादीमागचा इतिहास

शिमग्याला पालखी घरोघर फिरते, मुंबईला नोकरीला गेलेले चाकरमानी आलेले असतात, आणि त्याच चार दिवसांत देवळाच्या मंडपात आमदारांना द्यायच्या निवेदनाची यादी ठरते. आमच्या वाडीची यादी बरीच वर्षं माझ्याच अक्षरात जाते. बौद्धवाडीकडच्या पऱ्यावर (ओढ्यावर) साकव म्हणजे छोटा पूल, खालच्या पाखाडीची (दगडी पायवाटेची) दुरुस्ती, विहिरीतला गाळ, स्मशानशेड, शाळेच्या मागची संरक्षक भिंत. साकव एकदाचा झाला. त्याच्या कठड्यावर काळ्या दगडाची पाटी आहे, ‘आमदार स्थानिक विकास कार्यक्रमांतर्गत’ असं लिहिलेली. त्याआधी जुलैत पऱ्या भरला की पोरं दोन-दोन दिवस शाळेला मुकायची. म्हणून त्या साकवाला मी कधीच क्षुल्लक काम म्हणणार नाही.

पण कोकणच्या लोकप्रतिनिधीचं काम मुळात अशा यादीतून सुरू झालं नव्हतं. ते कायद्यातून सुरू झालं.

रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत शेकडो गावं खोतांच्या ताब्यात होती. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून धान्याच्या रूपात त्याच्या कितीतरी पट वसूल करायचा. अर्धेलीत निम्मं भात खोताच्या कोठारात जायचं. वर वेठ होतीच: खोताचं घर शाकारायचं, लाकडं फोडायची, पालखी उचलायची. १८८० च्या खोती कायद्यानं हे सगळं आणखी पक्कं केलं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या आणि आसपासच्या कुळांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी कसायच्याच नाहीत असं ठरवलं. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं ओस टाकून, लाकडं विकून, मिळेल ती मजुरी करून माणसं जगली. खाडीकाठच्या खारजमिनीत एक पावसाळा बांध सांभाळला नाही तरी भरतीचं पाणी आत येऊन जमीन वाया जाते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या सहा वर्षांची किंमत कळेल.

हा संप चालू असतानाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते मुंबईतून निवडून आले होते, पण त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. खोती म्हणजे काय, हे त्यांना कागदावरून शिकावं लागलं नव्हतं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी बोटींनी मुंबईला गेले आणि त्यांनी विधानसभेवर मोर्चा नेला. विधेयक त्या वेळी मंजूर झालं नाही. १९३९ चा कूळ कायदा आला, मग १९४८ चा, आणि १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं.

पाण्याचंही तसंच. सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनं त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात कोणी पाणी भरू देईना, आणि २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. त्या सत्याग्रहाला विधिमंडळातल्या एका ठरावाचा आधार होता. आजच्या आमदारांच्या कार्य अहवालांत मी अशा ओळी शोधतो, आणि त्या फारच थोड्या सापडतात.

१९६० नंतर मागण्यांची भाषा बदलली. मुंबई राजधानी झाली, गिरण्यांमुळे कोकणातली तरुण पोरं आधीच तिकडे होती, घरं मनीऑर्डरीवर चालत होती. चिपळूणचे आमदार पी. के. सावंत १९६३ च्या नोव्हेंबरअखेरीस काही दिवस राज्याचे मुख्यमंत्रीही होते. मात्र दिशा ठरवून पावलं टाकणारा माणूस म्हणायचं तर बॅरिस्टर ए. आर. अंतुले. म्हसळा तालुक्यातलं आंबेत हे त्यांचं गाव, सावित्रीच्या खाडीकाठचं. १९८० च्या जूनमध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटपातल्या देणग्यांच्या प्रकरणात त्यांना पद सोडावं लागलं. दीड वर्षाच्या आसपासचा हा काळ. एवढ्यात कुलाब्याचा रायगड झाला, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, निराधारांसाठी संजय गांधी योजना सुरू झाली. सावंतवाडीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागायची, मुक्काम करावा लागायचा. त्याला ओरोस हे नव्या जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं. प्रकरणाचा डाग आहेच, तो पुसायचं कारण नाही. पण कोकणातल्या म्हाताऱ्यांना अंतुले आठवतात ते या कामांसाठी.

रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्गही त्यांच्याच काळात पुढे आला. कोकणचा नकाशा पाहिला की त्याचं महत्त्व कळतं. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी होते, आणि किनाऱ्यावरचं समोर दिसणारं गाव रस्त्यानं तासा-दोन तासांच्या वळशावर जातं. पूर्वी माणसांना पार करणारी होडी, म्हणजे तर, होती; आता दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला इथे गाड्या घेणाऱ्या फेरीबोटी आहेत. बोट किनाऱ्याला लागते, लोखंडी फळी खाली पडते, आधी माणसं, मग दुचाक्या, शेवटी एसटी. पावसाळी वाऱ्यात बोट बंद असली की बाळंतिणीची गाडी पुन्हा मागे वळते. मोठ्या खाड्यांवरचे पूल पिढ्यान्‌पिढ्या निवडणुकीच्या भाषणांत राहिले ते यामुळेच.

१९८४ मध्ये दांडेकर समितीनं राज्याचा प्रादेशिक अनुशेष मोजला. पुढे १९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमानुसार वैधानिक विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. कोकण ‘उर्वरित’मध्ये गेलं, पश्चिम महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्याच्या सोबत. स्वतंत्र मंडळाची मागणी कोकणातल्या अनेक आमदारांनी पुढे पुन्हा पुन्हा केली. माझ्या मते ती रास्त होती आणि आहे, कारण बाराही महिने कालव्याचं पाणी मिळणारी शेती आणि कातळावरची शेती एका सरासरीत बसवली की कातळावरच्याचं दुःख आकड्यात दिसत नाही.

आमदारांच्या हाती स्थानिक विकासाचा निधीही आला. २०२० मध्ये तो दोन कोटींवरून तीन, २०२१ मध्ये चार आणि २०२२ मध्ये वर्षाला पाच कोटी झाला. साकव, पाखाड्या, सभामंडप यांतूनच होतात. निधी वाढला तशी आमच्या यादीची लांबीही वाढली.

एक योजना मात्र या सगळ्यांहून वेगळी, आणि तिच्याविषयी थोडं थांबून लिहायला हवं. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली. खड्डा खणण्याची मजुरी, कलमं, खत, पुढची निगा, यांचा बहुतेक खर्च सरकारनं उचलायचा, आणि बाग शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत. त्याआधी वरकस जमिनीत नाचणी-वरी व्हायची, नाहीतर गवत. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून होतं, वेंगुर्ल्याच्या केंद्रात काजूच्या चांगल्या जाती तयार होत्या. पैसा नव्हता, तो आला. आमच्या मागच्या डोंगरावरची काजूची कलमं त्या योजनेतली. मार्चमध्ये त्यांच्याखाली बोंडांचा वास पसरतो, आणि बिया वेचणाऱ्या बायकांच्या हाती स्वतःचा पैसा पडतो.

दरम्यान मतदारसंघच कमी झाले. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागा पाच झाल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ नकाशावरून गेले. त्यानंतरच्या २०११ च्या जनगणनेत तर रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर, आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. माणूस मुंबईला मोजला जातो, घर इथे असतं. एका आमदाराकडे आता आधीपेक्षा जास्त डोंगर, जास्त खाड्या, जास्त वाड्या आहेत.

आणि जे प्रश्न उरलेत, त्यातले बरेच पुन्हा कायद्याकडेच जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. फळबागेची मदत हेक्टरी ५० हजार रुपयांपर्यंत वाढवली गेली. पण इथल्या बागायतदाराची वाडी दहा-बारा गुंठ्यांची, म्हणजे हाती पाचेक हजार. भरपाई झाडावर मोजा, ही मागणी तिथून उठली. समुद्रात पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांची आणि एलईडी दिव्यांची मासेमारी रापणवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या, तोंडचा घास काढते. १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून दंड वाढवला, अंमलबजावणीसाठी गस्तीच्या बोटी आणि माणसं हवीत. आंबोली, गेळे, चौकुळच्या कबुलायतदार गावकर जमिनींच्या, म्हणजे गावानं पूर्वापार सामाईक धरलेल्या जमिनींच्या, प्रश्नात तर कितीतरी आमदार येऊन गेले. कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी वीज करून चिपळूण तालुक्यातल्या पोफळी गावाशी वाशिष्ठी नदीत उतरतं आणि समुद्राला मिळतं, त्याच भागात मे महिन्यात टँकर फिरतात.

या शिमग्यालाही यादी केली. सात कामं झाली, कागद घडी घालणार तेवढ्यात मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, “सातबाऱ्याचं पण लिव रे.” कूळ कायद्यात त्यांच्या सासऱ्यांच्या नावे झालेली जमीन, आज तिच्यावर बत्तीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत, काही वारलेली. घर दुरुस्तीला कर्ज मिळत नाही, वादळाची मदतही एवढ्या सह्यांत अडकली. “आजी, ते निधीतून होत नाही,” कोणीतरी म्हणालं. “तरी लिव,” त्या म्हणाल्या. आठवा क्रमांक घालून मी लिहिलं: सामाईक सातबाऱ्यांच्या वाटणीसाठी विधानसभेत प्रश्न मांडावा.