सामुदायिक उष्णता पंप व फरशीखालील तापन

अनेक सदनिकांच्या इमारतीत घरोघरी वेगळा गॅस बॉयलर न ठेवता तळघरात, गच्चीवर किंवा आवारात एकच मोठा उष्णता पंप बसवायचा आणि त्याचे कोमट पाणी सर्व घरांच्या फरशीखालच्या नळ्यांतून खेळवायचे, अशी ही पद्धत आहे. मध्य व उत्तर युरोपातील नव्या इमारतींत ती चांगली रुळली आहे. जुन्या, माणसे राहत असलेल्या इमारतीत ती बसवणे हे मात्र वेगळेच प्रकरण. या नोंदीत मुख्यतः जर्मनीतील पद्धत विचारात घेतली आहे.

फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला की ऊब जाणवते; ती आतल्या दुधातून, भाज्यांतून काढलेली उष्णता असते. उष्णता पंप हेच करतो, फक्त दुधाऐवजी बाहेरची हवा किंवा जमीन थंड करून. शीतकारक द्रव कमी दाबाखाली उकळताना बाहेरची उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता पाण्यात उतरते. इमारती अशा यंत्राने तापवता येतील ही कल्पना विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला आणि तो अनेक दशके चालला.

खरी मेख पाण्याच्या तापमानात आहे. बाहेर ०° से. असताना ३५° चे पाणी हवे असेल, तर विजेच्या एका युनिटमागे तत्त्वतः ८.८ युनिट उष्णता मिळू शकते. ५५° चे हवे असेल तर फक्त ६. प्रत्यक्षात हाती येते ती याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून पाणी जितके कोमट, तितके वीजबिल हलके. भिंतीवरच्या रेडिएटरचे क्षेत्रफळ लहान, त्यामुळे त्याला कढत पाणी लागते. फरशी मात्र खोलीभर पसरलेली असते. खोली २०° आणि फरशी २९° असली, तर दर चौरस मीटरमागे सुमारे १०० वॅट उष्णता मिळते. राहत्या खोल्यांसाठी युरोपीय मानकाने घातलेली मर्यादाही २९° चीच आहे. न्हाणीघरात ३३° पर्यंत चालते. अशी फरशी अनवाणी पायाला गरम लागत नाही, फक्त गार लागायची थांबते.

पंप सामायिक असला की हा हिशेब एका घराचा राहत नाही. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातील एका घराच्या खिडक्या जुन्या असल्या आणि त्याला ५५° चे पाणी लागले, तर सगळ्या इमारतीचे पाणी ५५° वर न्यावे लागते. सर्वांत गळक्या घराचे बिल असे शेजारीही भरतात. म्हणूनच पंप निवडण्याआधी खोलीगणिक उष्णतेची गरज मोजणे आणि खिडक्या व छत सुधारणे हे काम आधी हवे. नेमके तेच घाईत मागे पडते.

फरशीचे काम म्हणजे मूलतः कोब्याचे काम. खाली उष्णतारोधक थर, त्यावर दहा ते वीस सेंटिमीटर अंतराने साधारण १६–१७ मिमी व्यासाच्या प्लॅस्टिक नळ्यांची वेटोळी आणि त्यांवर कोबा. प्रत्येक वेटोळे शंभरेक मीटरच्या आत ठेवतात. भिंतीलगत फोमची पट्टी उभी लावतात, म्हणजे तापून फुगणाऱ्या कोब्याला जागा मिळते आणि पावलांचा आवाज भिंतीत उतरत नाही. टाइल बसवणाऱ्याने ही पट्टी आधीच कापून फटीत मसाला भरला, की खालच्या शेजाऱ्याला वरची प्रत्येक चाहूल ऐकू येऊ लागते. सिमेंटचा कोबा २१ दिवस तसाच ठेवायचा, मग तीन दिवस २५° चे पाणी आणि नंतर चार दिवस कमाल तापमानाचे पाणी फिरवायचे, अशी रीत आहे. टाइल त्यानंतर, तीही कोब्याची ओल मोजून.

जुन्या घरात एवढा थर चढवला तर दारे अडतात. तिथे आहे त्याच कोब्यात यंत्राने खाचा पाडून नळ्या बसवतात, किंवा सुमारे दोन सेंटिमीटरची पातळ रचना वापरतात. पण खाचा पाडायच्या कोणी? जर्मन कायद्यानुसार वरची टाइल किंवा लाकूड सदनिकाधारकाचे, कोबा मात्र सामायिक मालकीचा. आपल्याच दिवाणखान्याची जमीन खोदायला मालकसभेचा ठराव लागतो. १ डिसेंबर २०२० पासून अशा ठरावाला साधे बहुमत पुरते. पण खर्च सर्वांवर टाकायचा तर सहसा दोन तृतीयांशांहून अधिक मते आणि मालकीच्या एकूण हिश्शांपैकी निम्म्याचा पाठिंबा हवा.

बिलाची वाटणीही ठरलेली आहे. तापनखर्चाचा ५० ते ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर आणि उरलेला सहसा क्षेत्रफळावर आकारतात. उष्णता पंपांना यातून असलेली सूट १ ऑक्टोबर २०२४ पासून संपली, त्यामुळे त्यांनाही मीटर आले.

अंघोळीचे पाणी हा वेगळा पेच. सामायिक टाकीत लेजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून पाणी ६०° वर ठेवावे लागते आणि फरशीने कमावलेली बचत इथे गळते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक घरात छोटा उष्णता-विनिमयक (पाणी न मिसळता एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणारे उपकरण) बसवतात. पाणी साठवायचे नाही, नळ उघडला की तिथल्या तिथे तापवायचे.

हाच पंप उन्हाळ्यात उलटा चालवून फरशी गारही करता येते, पण बेतानेच. फरशी हवेच्या दवबिंदूखाली गेली की तिच्यावर पाणी धरते. पावसाळ्यात शहाबादीला पाझर सुटलेला पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.