जर्मनीचं ऑफर लेटर: कायद्याचं किती, कंपनीचं किती?

जर्मनीतल्या कंपनीचं ऑफर लेटर घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हातात किती पडतील?" त्याहून कामाचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. पत्रात 'बेनिफिट्स' म्हणून जे छापलंय, त्यातलं कंपनीने स्वतःहून दिलेलं किती आणि कायद्याने द्यावंच लागतं ते किती?

नमुना घ्या: २४ दिवस भरपगारी रजा, आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार, कंपनीच्या पेन्शन योजनेत १५ टक्के भर. वाचायला भारदस्त. पण आठवड्याला पाच दिवस काम असेल तर २० दिवस रजा कायद्यानेच मिळते. नोकरीचे पहिले चार आठवडे उलटले की आजारपणातला सहा आठवड्यांचा पगारही कायद्याचाच. आणि ते १५ टक्के? तुम्ही स्वतःच्या पगारातून पेन्शनसाठी पैसे वळवलेत आणि त्यामुळे कंपनीचा सामाजिक विम्याचा हप्ता वाचला, तर ही भर घालणं तिला बंधनकारकच आहे. म्हणजे पत्रात कंपनीचे स्वतःचे उरले रजेचे चार दिवस. तिथे २८-३० दिवसांची रजा सर्रास दिली जाते, तेव्हा त्यावर भुलू नका. मागायचंच तर ती रजा मागा, किंवा १५ टक्क्यांच्या वर पेन्शनची भर मागा.

आता पगारातली कपात. ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा पगार, महिना ५,००० युरो धरू. २०२६ च्या दराने पेन्शनला ९.३ टक्के म्हणजे ४६५ युरो जातात, बेरोजगारी विम्याला १.३ टक्के म्हणजे ६५, आरोग्यविम्याला ७.३ टक्के म्हणजे ३६५ आणि वर तुमच्या विमा संस्थेच्या जादा हप्त्याचा निम्मा वाटा. शुश्रूषा विम्याला, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात दीर्घकाळ देखभाल लागली तर त्यासाठीच्या विम्याला, १.८ टक्के, म्हणजे ९०. मूल नसेल आणि वय २३ च्या पुढे असेल तर हेच ९० चे १२० होतात. आयकर वेगळा. पहिलं पगारपत्रक बघून पोटात गोळा येतो खरा. पण मूल नसल्याचा अधिभार सोडला तर बाकी हप्त्यांचा तेवढाच वाटा कंपनीही भरत असते. (ड्रेस्डेन, लाइपझिग ज्यात येतात त्या सॅक्सनी राज्यात शुश्रूषा विम्याची वाटणी तेवढी निराळी आहे.)

सहा आठवड्यांनंतरही आजारपण संपलं नाही तर पगार थांबतो आणि सरकारी आरोग्यविमा संस्था ब्रुटोच्या ७० टक्के रक्कम देते, मात्र ती निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांवर जात नाही. नोकरी गेली आणि आधीच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ते भरलेले असतील, तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो, मूल असल्यास ६७ टक्के. नोकरी संपायच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नोंद करायची असते. अचानक कळलं तर तीन दिवसांत.

किंडरगेल्ड म्हणजे बालभत्ता, मुलामागे महिना २५९ युरो. तो अर्ज केल्याशिवाय येत नाही आणि मागची थकबाकी सहा महिन्यांपुरतीच मिळते. मूल पुण्यात आजीकडे राहिलं असेल तर हा भत्ता धरून हिशेब मांडू नका.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते आरोग्यविमा निवडताना. वर्षाचा पगार ७७,४०० युरोच्या वर असेल तर खासगी विमा घेता येतो. तिशीतल्या धडधाकट माणसाला तो स्वस्त पडतो, डॉक्टरची वेळही लवकर मिळते, एजंट तेच सांगतो. पण सरकारी विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात, खासगीत माणशी वेगळा हप्ता. एकट्याने जाऊन वर्षभराने बायकोमुलांना बोलावणार असाल तर आजचा स्वस्त हप्ता तेव्हा चांगलाच महागात पडतो. परत सरकारीत यायला साधारणपणे पगार मर्यादेखाली यावा लागतो आणि ५५ नंतर तर ते दार जवळपास बंदच होतं. आमचं मत विचाराल तर कुटुंब असलेल्याने सरकारीच घ्यावा. कोणत्याही विमा कंपनीकडून आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून हे मोकळेपणाने लिहितो.

इथल्याच कंपनीने तिकडे पाठवलं असेल तर गणित बदलतं. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून कव्हरेज सर्टिफिकेट घेतलं की ४८ महिन्यांपर्यंत तिथली पेन्शन कपात होत नाही, इथला पीएफ चालू राहतो. सर्टिफिकेट निघण्याआधी विमानात बसू नका. आरोग्यविम्याची सोय मात्र वेगळी बघावी लागते.

थेट जर्मन कंपनीत लागलात आणि तीन-चार वर्षांत परतलात, तरी तिथली पेन्शन बुडाली असं समजू नका. हक्कासाठी ६० महिने लागतात आणि करारानुसार त्यात भारतातला काळही मोजला जातो. भरलेले पैसे परत मागायचा रस्ताही काहींना खुला असतो, पण त्यासाठी २४ महिने थांबावं लागतं, कंपनीचा वाटा मिळत नाही आणि तोवरचा हक्क संपतो.

भेटीला येताना ऑफर लेटर, पीएफचा यूएएन क्रमांक आणि विवाह नोंदणीचा दाखला आणा. तिकडे रुजू झाला असाल तर शेवटची तीन पगारपत्रकं पुरेत.