मुंबईतील गावठाण : घरे आणि मोकळ्या जागा

गावठाण म्हणजे गावाच्या शिवारातील राहत्या वस्तीची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे तिची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. मुंबई वाढत गेली तशी भोवतालची भातखाचरे, मिठागरे आणि नारळीच्या बागा इमारतींखाली गेल्या. वस्तीचा गाभा मात्र जागच्या जागी राहिला. वांद्र्यातील रानवार, चिंबई, पाली, शेर्ली, माझगावची म्हातारपाखाडी आणि वरळी-वेसाव्याचे (वर्सोव्याचे) कोळीवाडे ही त्या घडणीची आजही दिसणारी उदाहरणे. गिरगावची खोताची वाडी महसुली अर्थाने गावठाण नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी आपल्या मालकीच्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, कुटुंबांना घरांसाठी दिले आणि ती वस्ती उभी राहिली. घडण तीच असल्यामुळे तिचाही विचार येथे केला आहे.

या वस्त्यांचे रूप एखाद्या देखण्या बंगल्यावर अवलंबून नसते. घराची दर्शनी कड आणि समोरची जमीन एकमेकांशी कशा जोडल्या आहेत, यावर ते ठरते. ही कड चार गोष्टींची बनते : जोते, ओटा, बाहेरचा जिना आणि वळचण. दगडी जोते, म्हणजे घराखालचा चौथरा, साधारण ४५ ते ६० सेंमी उंच. त्यावर मीटर-सव्वा मीटर खोलीचा ओटा. त्याला कुंपण नसते, फार तर लाकडी किंवा बिडाचा कठडा असतो. वरच्या मजल्याचा जिना बाहेरून चढतो, म्हणून एकाच घरात दोन भावांची बिऱ्हाडे स्वतंत्र राहू शकतात आणि वरच्या माणसाचाही पाय रोज गल्लीत पडतो. कौलारू पाखे, म्हणजे छपराचे उतार, भिंतीच्या पुढे ६० ते ९० सेंमी आलेली असतात; हीच वळचण. वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या शहरात पागोळ्या, म्हणजे छपरावरून गळणारे पाणी, भिंतीपासून दूर पडणे ही सोय नव्हे, गरज आहे. पाख्याच्या कडेची नक्षीदार लाकडी झालर शोभेची वाटते, पण ती वाशांची उघडी टोकेही झाकते.

ओटा हा घराचा भाग की गल्लीचा, याचे उत्तर दिवसाच्या वेळेवर अवलंबून असते. सकाळी तिथे मासे निवडले जातात, दुपारी मसाला वाळतो, संध्याकाळी शेजारी बसतात. ओट्याला जाळी लावून खोली केली की घराला थोडी जागा मिळते आणि गल्ली एका बाजूने आंधळी होते.

गल्ल्या बहुधा दोन ते तीन मीटर रुंद, सरळ न जाता हलक्या वळणाच्या. त्या कोणी आखलेल्या नाहीत. घरांनी आपापला भूखंड व्यापल्यावर उरलेली वाट ती गल्ली. गल्ल्या जिथे मिळतात तिथे चौक रुंदावतो, आणि तिथेच क्रूस किंवा देऊळ, विहीर, एखादे जुने झाड असते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्या काळात शहरात आणि साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांच्या भागात, जागोजाग क्रूस उभारले गेले. मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्यासमोर आजही जपमाळेची प्रार्थना होते.  कोळीवाड्यात मोकळी जागा हे कामाचे ठिकाण असते : खळ्यावर जवळा पसरतात, वलांडीवर, म्हणजे मासे वाळवण्याच्या बांबूच्या मांडवावर, बोंबील टांगतात, जाळी दुरुस्त करतात. नकाशावर ही जागा रिकामी दिसते, आणि म्हणूनच वाहनतळासाठी किंवा बांधकामासाठी सर्वांत आधी तिच्यावर नजर जाते.

वस्ती बिघडते ती बहुतेक वेळा जमिनीपासून. पेव्हर ब्लॉक ६० ते ८० मिमी जाडीचा, खाली ३० ते ५० मिमी वाळू. जुना थर न काढता नवे काम केले की गल्ली एका खेपेस १० सेंमीच्या आसपास वर येते. अशा चार खेपांत ४५ सेंमीचे जोते जवळजवळ जमिनीला लागते. पहिली पायरी गाडली जाते, गटाराचे झाकण उंबऱ्याच्या जवळ येते आणि मुसळधार पावसात पाणी घरात शिरते. पुढे ओल भिंतीत चढते. ती झाकण्यासाठी चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला जातो. त्यातून ओल बाहेर पडू शकत नाही, ती आणखी वर जाते, क्षार फुटतात आणि सागवानी खांबाचा बुंधा आतून कुजतो. उपाय क्रमाने करावा लागतो. आधी गल्लीचा थर खरवडून मूळ पातळी आणायची, मग ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत सिमेंट काढायचे, एक उन्हाळा भिंत वाळू द्यायची, आणि नंतर मुरवलेला चुना व वाळू १:३ प्रमाणात, दोन-तीन पातळ थरांत, प्रत्येक थर ओला राखत लावायचा. पातळी न उतरवता केलेला गिलावा, चुन्याचा असला तरी, टिकत नाही.

छपराचेही तसेच. मंगलोरी कौले १८६५ मध्ये बासेल मिशनच्या कारखान्यामुळे प्रचारात आली, त्याआधी नळीची गावठी कौले होती. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचे, चौरस मीटरला सुमारे पंधरा लागतात. दर मे महिन्यात घर शाकारले, म्हणजे कौले नीट लावून घेतली, नाही तर एका फुटक्या कौलामुळे त्याखालची लाकडी रीप, मग वासा जातो. त्याऐवजी पत्रा घालताना पाखा बहुधा आखूड केला जातो, आणि पावसाचे पाणी थेट भिंतीवर येते.

सर्वांत मोठा बदल उंचीचा. अडीच मीटरच्या गल्लीवर सहा-सात मीटर उंचीची घरे असतात तोवर ओट्यावर उजेड येतो. एका बाजूला चार मजले चढले की समोरच्या तळमजल्यावर दिवसा दिवे लागतात. नवी इमारत मागे सरकवून पुढे कुंपणभिंत आणि गाड्यांचा मजला काढला, तर नियमांनुसार अंतर सुटते, पण गल्लीची कड तुटते. खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरे होती. आज निम्मीही उरलेली नाहीत.

१९९५ च्या बृहन्मुंबई वारसा नियमावलीने एकेकट्या वास्तूंबरोबर संपूर्ण परिसरालाही संरक्षणाची सोय दिली, ही तिची मोलाची बाजू. परंतु परिसराची नोंद घरांच्या यादीवर थांबली तर उपयोग थोडा. नोंद करताना दर दहा मीटरवर गल्लीचा उभा छेद, म्हणजे आडवी कापून दिसणारी आकृती, घ्यावा : रुंदी, दोन्हीकडच्या जोत्यांची उंची, ओट्याची खोली, वळचणीची उंची, गटाराचा तळ. चौकातील झाड, विहीर, क्रूस आणि वापराच्या वेळा नकाशावर मांडाव्यात. एक पाहणी जुलैत, पाऊस चालू असताना करावी. पाणी कुठून येते आणि कुठे थांबते हे कोरड्या दिवसांत कळत नाही. मिळालेली पातळी एखाद्या जुन्या दगडी पायरीवर खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या रस्त्याच्या कामाच्या वेळी ती कंत्राटदाराला प्रत्यक्ष दाखवता येते.