राणीच्या वाटेवरचे दगड

28 नोव्हेंबर 1290 रोजी इंग्लंडची राणी एलिनॉर हार्बी या खेड्यात वारली. दफन व्हायचं होतं दूर लंडनला, वेस्टमिन्स्टर ॲबीत. एवढ्या प्रवासात शव टिकावं म्हणून जवळच्या लिंकन शहरातच पोटातले अवयव काढून तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुरले. वाटेत रात्री जिथे जिथे मुक्काम पडला, तिथे तिथे राजा पहिला एडवर्ड याने नंतर एकेक कोरीव दगडी क्रॉस उभारला. एकूण बारा. आज उभे आहेत ते तीनच: गेडिंग्टन, हार्डिंगस्टोन आणि वॉल्थम.

ऊनपावसाला दोष देण्याआधी माणसांकडे बघायला हवं. लंडनमधले दोन तर सरळ पाडले गेले, 1643 मध्ये चीपसाइडचा आणि 1647 मध्ये चेअरिंगचा. प्युरिटनांच्या, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंटांच्या, लेखी ती मूर्तिपूजाच होती.

जे वाचले त्यांच्यामागे रसायनशास्त्र लागलं. तिन्ही क्रॉस चुनखडीचे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो आणि दगडाच्या पृष्ठभागाचं जिप्सम होतं, तेच जिप्सम जे भाजून पीओपी करतात. ते चुनखडीच्या शंभर पटींहून जास्त विरघळतं, त्यामुळे पावसाच्या माऱ्यातला भाग झिजत जातो. मजा अशी, की आडोशाचा भाग सुरक्षित राहत नाही. तिथलं जिप्सम धुपत नाही, काजळी धरून काळी खपली होते. कॅल्साइटपेक्षा, म्हणजे चुनखडीतल्या मूळ खनिजापेक्षा, ते जवळपास दुप्पट जागा घेत असल्याने खपली फुगते आणि सुटताना खालचं कोरीवकामही घेऊन जाते. वस्त्राची चुणी, बोटं, नाक, असे बारीक अवयव आधी जातात.

चेअरिंगचा क्रॉस पर्बेक मार्बलचा होता. नाव मार्बल, पण भूशास्त्राच्या हिशेबाने तो संगमरवर नाहीच. सुमारे 14 कोटी वर्षांपूर्वीच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांनी गच्च भरलेली ही चुनखडी. पॉलिश केली की गोल गोल शंख चकाकतात, पण उघड्यावर ती झिलई टिकत नाही. म्हणून हा दगड चर्चच्या आतच शोभतो. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनबाहेर आज दिसतो तो क्रॉस 1860च्या दशकातला, मूळ जागेपासून थोडा दूर.

वॉल्थमच्या मूळ मूर्ती उतरवून म्युझियममध्ये नेल्या आहेत. रस्त्यावर पाऊस झेलतात त्या प्रतिकृती.