कम्पॅटिबिलिटी मोड लावला की कुठलाही जुना गेम चालतो?

नाही. ‘प्रॉपर्टीजमध्ये जाऊन विंडोज ९५ निवडा, गेम सुरू होईल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हा मोड प्रोग्रामला विंडोजची आवृत्ती जुनी असल्याचं भासवतो आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतो, इतकंच. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट (विंडोज ९५च्या आधीच्या पद्धतीचे) प्रोग्राम चालवणारा भागच नाही, त्यामुळे तिथे मोड बदलून काहीच होत नाही.

खरी गोची पुढे आहे. नव्वदीतले कित्येक गेम स्वतः ३२-बिट असतात, पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट. सेटअप उघडला नाही म्हणून चांगला गेम टाकून देऊ नका. सीडीवरच्या फाइल्स उघड्या (कॉम्प्रेस न केलेल्या) असतील तर फोल्डर कॉपी करून मूळ एक्झी, म्हणजे गेम सुरू करणारी .exe फाइल, चालवून पाहा. फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे सेव्ह अडकतात.

डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीचे गेम थेट डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवा. गेमचं फोल्डर त्यात सी ड्राइव्ह म्हणून माउंट करायचं, म्हणजे जोडायचं. गेम फारच पळत असेल तर कंट्रोल-एफ११ने सायकल्स (डॉसबॉक्सचा वेग) कमी, कंट्रोल-एफ१२ने जास्त.

सेफडिस्क या कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाच्या सीडी विंडोज १०पासून चालत नाहीत, कारण त्याचा ड्रायव्हर सुरक्षेसाठी काढून टाकला गेला.