बोळ भरायचा की मागे वाढवायचं?

लंडनमध्ये टेरेस हाउस घेतलं असं गावी फोनवर सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "गच्ची केवढी आहे?" गच्ची नसतेच. इथे टेरेस म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांची ओळ, आणि मिड-टेरेस म्हणजे त्या ओळीतलं मधलं घर. डावी-उजवी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे उजेड काय तो पुढून आणि मागून.

हा गोंधळ हसण्यावारी जातो. महागात पडतो तो दुसरा. "आम्ही मागे एक्स्टेन्शन करतोय," असं दहा घरं सांगतात, पण त्यातली काही साइड रिटर्न, म्हणजे घराच्या मागच्या अंगाचा बाजूचा बोळ, भरत असतात आणि काही खरोखर मागे वाढत असतात. बागेत उभं राहून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात: एकमजली बांधकाम, छताला काचेच्या खिडक्या, मागे सरकती दारं. घराच्या आत मात्र या दोन गोष्टी अगदी उलट परिणाम करतात.

त्यासाठी आधी मूळ घर डोळ्यांपुढे आणू. पुढे अरुंद हॉल, जिना आणि रस्त्याकडची खोली. तिच्यामागे दुसरी, म्हणजे मधली खोली. इथे घराचा रुंद भाग संपतो आणि मागे एक निमुळता भाग बाहेर निघतो, त्याला आउटरिगर म्हणतात. त्यात खाली स्वयंपाकघर आणि स्कलरी, म्हणजे आपली मोरी, आणि वर एखादी झोपायची खोली. आउटरिगर घरापेक्षा अरुंद, म्हणून त्याच्या एका बाजूला मीटर-दोन मीटरचा बोळ उरतो. हाच साइड रिटर्न. आज त्यात कचऱ्याचे डबे, गंजलेली सायकल आणि शेवाळ असतं, म्हणून तो वाया गेलेला वाटतो. पण बांधणाऱ्याने तो उगाच सोडला नव्हता. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर ठिकठिकाणच्या स्थानिक मंडळांनी घरबांधणीचे नियम कडक केले, आणि खोल्यांना उजेड-वारा मिळणं हा त्यांतला मोठा मुद्दा होता. मधल्या खोलीची एकुलती एक खिडकी या बोळात उघडते.

साइड रिटर्न भरणं म्हणजे या बोळावर छप्पर घालायचं, कुंपणाच्या जागी भिंत उभी करायची आणि आउटरिगरची बाजूची भिंत तळमजल्यापुरती काढून टाकायची. स्वयंपाकघर एका झटक्यात घराइतकं रुंद होतं. बाग जवळजवळ तेवढीच राहते. मागे वाढवणं म्हणजे आउटरिगरचं शेवटचं टोक फोडून तोच निमुळता भाग बागेत पुढे न्यायचा. बोळ जसाच्या तसा राहतो, बाग तेवढी कमी होते आणि स्वयंपाकघर रेल्वेच्या डब्यासारखं लांबत जातं. लांबी मिळाली तरी टेबलाभोवती खुर्च्या मागे सरकवायला जागा मिळतेच असं नाही. तीन मीटर लांबी वाढवून जे साधत नाही, ते दीड मीटर रुंदीने साधतं, म्हणून बहुतेकांचं मन साइड रिटर्नकडे ओढतं. माझंही ओढलं होतं.

पण बोळ भरला की मधल्या खोलीचं माजघर होतं. कोकणातल्या घरात ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं माजघर अंधारं असतं हे आपण गृहीतच धरतो. दुपारच्या उन्हात ते गारही राहतं. लंडनला उन्हापासून पळायची वेळ क्वचितच येते. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्या हवेत बिनखिडकीची खोली म्हणजे सामान टाकायची जागा. लोक म्हणतात, छताला काचा बसवू. त्या काचांचा उजेड नव्या भागात पडतो. मधल्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर तो पातळ होतो, आणि तोही मधली भिंत काढली तरच पोचतो. शिवाय इमारत नियमांत नव्या भागातल्या काचेला साधारण मर्यादा आहे: वाढीव जमिनीच्या २५ टक्के, अधिक झाकल्या गेलेल्या जुन्या खिडक्या-दारांचं क्षेत्र. त्याहून जास्त काच हवी तर उष्णतेची गळती दुसरीकडे भरून काढल्याचं गणित दाखवावं लागतं.

म्हणून किती चौरस फूट मिळतील यापेक्षा कोणती खोली अंधारात ठेवायला आपण तयार आहोत, हे आधी ठरवावं असं माझं मत. एरवीही ज्यांना खिडकी लागत नाही अशा गोष्टी, म्हणजे शौचालय, धुण्याचं मशीन, कपाटं, मध्ये ढकलता येत असतील तर बोळ खुशाल भरा. मधली खोली अभ्यासाची किंवा आजी-आजोबांना झोपायची ठेवायची असेल तर मागे वाढा. तिसरी वाट मला सगळ्यात आवडते: बोळ पूर्ण न भरता मधल्या खोलीच्या खिडकीसमोरचा तुकडा उघडा सोडायचा, वाड्यातल्या चौकासारखा. जागा थोडी जाते, पण खिडकी जगते.

कायद्याने तर हा गोंधळ आणखी वाढवून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये घराला, फ्लॅटला नव्हे, काही वाढ नियोजनाची परवानगी न मागता करता येते. टेरेस घराला मूळ मागच्या भिंतीपासून एकमजली वाढ तीन मीटरपर्यंत. कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, पूर्वसंमती घेतली तर सहा मीटरपर्यंत; त्यासाठी कौन्सिल शेजाऱ्यांना विचारते, आणि निर्णयाची मुदत ४२ दिवसांची. मूळ म्हणजे घर बांधलं तेव्हाचं, आणि जुन्या घरांसाठी १ जुलै १९४८ ला जसं होतं तसं. आधीच्या मालकाने केलेली वाढ तुमच्याच हिशेबात धरली जाते. आता गंमत अशी, की साइड रिटर्न नावाने साइड असला तरी त्याला मागचे आणि बाजूचे असे दोन्ही नियम लागतात. बोळ घराच्या मुख्य मागच्या भिंतीपासून सुरू होतो, म्हणून आउटरिगर पाच मीटर लांब असेल आणि तुम्ही सगळा बोळ भरलात, तर तीन मीटरची मर्यादा ओलांडलीच. याउलट आउटरिगरच्या टोकापुढची वाढ त्या टोकापासूनच मोजतात. दोन्ही जोडून एल आकाराची वाढ करायची म्हटलं, तर रुंदी मूळ घराच्या निम्म्याहून जास्त भरते आणि रीतसर अर्ज करावा लागतो. संवर्धन क्षेत्रात, म्हणजे जुनं रूप जपायचं म्हणून ठरवलेल्या भागात, बाजूच्या वाढीला ही सूट मिळतच नाही.

शेजाऱ्यांचं प्रकरण वेगळं. १९९६ चा पार्टी वॉल, म्हणजे सामाईक भिंतीचा, कायदा नियोजनाच्या परवानगीशी बांधलेला नाही. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नव्हे. हद्दीवर नवी भिंत उभारायची किंवा शेजारच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायाहून खोल खणायचं, तर एक महिन्याची नोटीस. सामाईक भिंतीत गर्डर घुसवायचा तर दोन महिन्यांची. बोळ भरताना भिंत हद्दीलाच येते, म्हणून यातून सुटका नाही. तिकडच्या बाजूला शेजाऱ्याचाही बोळ असेल, तर तुमच्या भिंतीची सावली त्याच्या माजघरावर पडते. अर्ज करण्याआधी चहाला बोलवा.

जमिनीखालीही फरक आहे. या ओळींची सांडपाण्याची वाहिनी बऱ्याचदा मागच्या अंगाने, घरोघरची जोडत जाते, आणि तुमचं मॅनहोल नेमकं त्या बोळात सापडतं. सामाईक वाहिन्या १ ऑक्टोबर २०११ पासून पाणी-कंपन्यांच्या ताब्यात गेल्या, त्यामुळे त्यांच्यावर किंवा जवळ बांधायला कंपनीची संमती लागते. जुन्या खोल्यांची लाकडी जमीन हवेवर तरंगलेली असते. तिच्याखाली वारा खेळावा म्हणून भिंतीत जाळीच्या विटा असतात. नवी काँक्रीटची जमीन त्या विटांसमोर ओतली की वारा बंद, आणि काही वर्षांनी लाकूड कुजतं. स्लॅबखालून हवेचे पाइप काढायला मिस्त्रीला आधीच सांगावं लागतं.

खर्चात साइड रिटर्न चौरस मीटरमागे महाग पडतो, कारण जी भिंत काढायची तिच्यावर झोपायची खोली आणि छप्पर उभं असतं. तेवढ्या लांबीचा गर्डर लागतो. मागे वाढताना फक्त टोकाची अरुंद भिंत फुटते, तिला आखूड गर्डर पुरतो. आणि मिड-टेरेसला बाजूने आत यायला वाटच नाही: माती, विटा, काँक्रीट सगळं हॉलमधून, जिन्याच्या कठड्याला धडकत. लांब गर्डर त्या हॉलमध्ये वळत नाही, म्हणून तो दोन तुकड्यांत आणतात आणि आत नेऊन बोल्टांनी जोडतात.